आत्याचे सात, माझे दोन

खुर्चीत बसायच्या आधीच नवऱ्याने सांगून टाकलं, "मॅडम, हिला जरा समजावून सांगा. पोरगी हुशार आहे, लातूरला घालायचीय, आणि ही ऐकेना गेलीय." बाई शेजारी पदर खांद्यावर ओढून बसल्या होत्या. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, वर छताकडे होती. मला वाटलं, कंटाळल्या असतील. स्लॅबला कुठे तडा आहे का ते त्या बघत होत्या, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

नांदेडला मी क्लिनिकल सायकॉलॉजीची प्रॅक्टिस करते. ही हकिकत लिहिताना ओळख पटेल असं जे जे होतं ते बदललं आहे: गाव, नात्यातली माणसं, नवऱ्याचा धंदा. भूकंप बदलता येत नाही, तो तसाच ठेवला आहे. बाईंना मी ताई म्हणत असे, इथेही तेच म्हणते.

"समजावून सांगा" हे वाक्य मी आठवड्यातून निदान चारदा ऐकते. सून ऐकत नाही, पोरगा मोबाईल सोडत नाही, म्हातारे जेवत नाहीत, तेव्हा मॅडमनी समजावावं. घरच्यांना मनातून वकील हवा असतो, फक्त बोर्डावर डॉक्टर लिहिलेलं चालतं. मी त्यांना म्हटलं, दादा, तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या, पाऊण तास लागेल. ते जरा नाराज झाले. ताईंना सांगितलं की इथे बोललेलं इथेच राहतं. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मला कुणाला तरी सांगावं लागेल, आणि तेही तुम्हाला सांगूनच.

"यांना पण नाही सांगणार?"

"यांना पण नाही."

पहिल्यांदाच त्यांनी छत सोडून माझ्याकडे पाहिलं.

आल्या तेव्हाची तक्रार

२०२४ ची दिवाळी होऊन गेली होती. ताईंचं वय ४२, शिक्षण सातवी. नवऱ्याचं स्पेअर पार्टचं दुकान. मुलगी दहावीला, मुलगा नऊ वर्षांचा. राहायला अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर.

"झोपच येईना गेलीय. लागली तरी तीनला डोळा उघडतो. मग बसून राहते."

चार महिन्यांपासून हे चालू होतं. आधी फिजिशियन झाले. बीपी, थायरॉईड, बी ट्वेल्व्ह सगळं तपासलं, सगळं ठीक. झोपेची गोळी दिली, ती पंधरा दिवस लागू पडली. "टेन्शन घेऊ नका" हा सल्लाही मिळाला. हा सल्ला आपल्याकडे इतका दिला जातो की त्याची चिठ्ठी छापून ठेवायला हरकत नाही. सासूबाईंनी कुणाकडून तरी अंगारा आणला, तो उशाखाली होता. ताईंनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. फक्त चिडचिड वाढत होती. मुलाने एकदा दार जोरात आपटलं तर त्याला इतकं मारलं की शेजारीण धावत आली. ते सांगताना त्या माझ्यापुढच्या टेबलाची कड बोटाने घासत होत्या.

लातूरचा विषय वेगळाच चालला होता. दहावीनंतर अकरावी-बारावी आणि नीटच्या तयारीला मुलांना लातूरला ठेवायचं, हे आमच्या भागात आता लग्नकार्यासारखं ठरलेलं असतं. नवऱ्याने उन्हाळ्यातच एक हॉस्टेल बघून ठेवलं होतं, तिसऱ्या मजल्यावरची खोली. ताई नाही म्हणत. का, तर दर वेळी कारण वेगळं. मेसचं जेवण बरं नसतं. पोरीची जात आहे. खर्च झेपणार नाही. नवऱ्याने एकेक कारण खोडून काढलं, तेव्हा त्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या म्हणून त्याने त्यांना माझ्याकडे आणलं.

जीव नकोसा वाटतो का, मरणाचे विचार येतात का, हेही मी सरळ शब्दांत विचारलं. असं विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही समजूत खोटी आहे. विचारलं नाही तर माणूस एकटाच त्याच्याशी बसून राहतो. ताई म्हणाल्या, "नाही. लेकरं आहेत." मग माझा नेहमीचा प्रश्न: आयुष्यात कधी जिवावर बेतणारं काही घडलंय?

"आमी भूकंपातलेच की."

आपण औश्याकडचे आहोत किंवा आपली शेती तेरणाकाठची आहे, हे जसं सांगतात, त्या सुरात.

भूकंपातले

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. मिरवणुकीत नाचून दमलेली गावं गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं जवळपास सपाट झाली, सुमारे १०,००० माणसं गेली. धक्का मोठा होताच, पण माणसं मारली ती घरांनी. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीने लादलेलं माळवद. उन्हाळ्यात थंडगार राहणारं तेच घर अंगावर आलं.

ताई तेव्हा ११ वर्षांच्या होत्या. गाव औसा तालुक्यातलं. त्यांनी मला त्या रात्रीचं जे सांगितलं ते वीस सेकंदांत संपलं. "माय गेली. लहाना भाऊ गेला. आमाला बापानं काढलं. आत्याच्या घरातले सात गेले." आणि लगेच, "आमचं काई नाही मॅडम. दोनच."

या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं आणि मी ते पहिल्या दिवशी नुसतं लिहून घेतलं. अर्थ नंतर उमगला.

त्या गावांमध्ये दुःख घराच्या हिशेबाने मोजलं गेलं. अमक्याचे चार, तमक्याचे नऊ, त्या वाड्यात तर कुणीच उरलं नाही. जो जास्त गमावतो त्याला रडायचा मान. ताईंना आत्या दिसायची. नवा पत्र्याचा शेड, सात फोटो एका ओळीत. तिच्यासमोर दोन फोटोंच्या पोरीने काय रडायचं? शाळेत सगळेच तसे, शिक्षकसुद्धा. काही मुलं पुण्याला वाघोलीला शिकायला गेली, काही मामाकडे गेली. मदत मिळाली, गाव दुसऱ्या जागी वसलं, सिमेंटची घरं झाली. लोकांनी माणुसकीने खूप केलं, त्यात काडीचीही शंका नाही. पण ज्या गावात प्रत्येकाकडे सांगायला तीच गोष्ट असते तिथे ऐकणारा कुणी उरत नाही.

वर्षभरात बापाने दुसरं लग्न केलं. सावत्र आई चांगली निघाली. ताई आजही तिला जीव लावतात. तिला मुलगा झाला तेव्हा घरच्यांनी त्याला गेलेल्या मुलाचंच नाव ठेवलं. आपल्याकडे ठेवतात, गेलेलं माणूस परत आलं म्हणतात. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला राखी त्याच नावाच्या दुसऱ्या हाताला बांधावी लागली, आणि खऱ्या भावाला हाक मारायला नावच उरलं नाही. मग तो "लहाना" झाला. पुढे लग्नात, सरकारी कामात, सगळीकडे ताईंची ओळख एकच: भूकंपग्रस्त. तसा रीतसर दाखला आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाजवळ. त्या कागदाने त्यांना बरंच काही दिलं. भाऊ कसा होता हे मात्र गेल्या ३१ वर्षांत त्यांना एकाही माणसाने विचारलं नव्हतं.

व्यक्तिगत थेरपी कशाला, गटात बोललं तर नाही का चालणार, असं मला बरेच जण विचारतात. चालतं, कित्येकांना तेच जास्त मानवतं, आपत्तीनंतर तर गटाचा आधार मोठा असतो. पण ताई ज्या गटात बसल्या असत्या तिथे कुणी ना कुणी सातवाला निघालाच असता.

जुलैमधली सकाळ

मग २०२४ मध्येच का? ३१ वर्षं बाई संसार करत होती, दोन बाळंतपणं झाली, सासऱ्यांचं दुखणं काढलं. कडी न लावता झोपायची सवय होती, पण त्याला घरात कुणी आजार म्हटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या फळीवर रात्री दोन स्टीलचे ग्लास एकावर एक उपडे ठेवायचे, धक्का बसला तर आधी ते वाजतील म्हणून. मुलांना तो आईचा खुळचटपणा वाटायचा.

त्या वर्षी हिंगोली जिल्ह्यात दोनदा जमीन हलली. २१ मार्चला आणि मग १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास, दोन्ही ४.५ तीव्रतेचे. परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. मार्चमध्ये घरातले सगळे जागे झाले आणि मिळून खाली उतरले. जुलैमध्ये नवरा दूध आणायला गेला होता, मुलगी आंघोळीला, मुलगा झोपलेला. ताई कणीक मळत होत्या. ग्लास वाजले. पुढचं त्यांना आठवतं ते थेट पार्किंगमधलं: अनवाणी, हाताला कणीक, आणि शेजारीण विचारतेय, लेकरं कुटं आहेत?

त्या एकट्याच खाली आल्या होत्या.

कुणाला काही झालं नाही. भिंतीला चरासुद्धा गेला नाही. संध्याकाळी मुलगी हसत वडिलांना म्हणाली, "आई आपल्याला सोडून पळाली." सगळे हसले. ताईही हसल्या. त्या रात्रीपासून तीनला डोळा उघडायला लागला.

तिसऱ्या भेटीत हे कळलं तेव्हा मी पीसीएल-५ नावाची प्रश्नावली घेतली. तिच्यात २० प्रश्न असतात, गुण ० ते ८०. ३१-३३ च्या पुढे गेलं तर आघातानंतरच्या तणाव-विकाराची नीट तपासणी करावी असा संकेत आहे. ताई पन्नाशीच्या वर होत्या. आयसीडी-११ हे आजारांचं जागतिक वर्गीकरण या विकारासाठी तीन मुख्य गोष्टी बघतं: जुनी घटना आठवण म्हणून न येता आत्ता घडतेय अशी येते, तिची आठवण देणारं सगळं माणूस टाळतो, आणि धोका अजून संपलेला नाही ही भावना शरीरात कायम जागी असते. तिन्ही होत्या. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, कारण औषध लिहिण्याचा अधिकार मला नाही आणि एवढ्या जागरणावर नुसतं बोलून चालणार नव्हतं. त्या डॉक्टरांनी सर्ट्रालिन हे चिंता-नैराश्यावरचं औषध सुरू केलं. गोळी आणि बोलणं बरोबरीने चाललं. या दोन्हींत कोण मोठं हा वाद घालणाऱ्यांनी तो आपल्या घरी घालावा.

माझी घाई

नियमाप्रमाणे सुरुवातीच्या भेटी शरीर समजून घेण्यात जातात. धडधड का होते, तीन वाजता जाग का येते, मेंदूतली धोक्याची घंटा कशी काम करते. मी त्यांना म्हटलं, तुमच्या डोक्यातही एक ग्लासावर ग्लास आहे, तो नुसत्या ट्रकनेही वाजतो. त्यांना ते पटलं. श्वास सावकाश सोडणं, पाय जमिनीला टेकवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेणं, हे त्या घरी करू लागल्या.

चौथ्या भेटीत मी घाई केली. ओळख जमलीय असं समजून म्हटलं, त्या रात्रीचं सविस्तर बोलू या, डोळे मिटा. त्यांनी मिटले. मिनिटभरात अंगाला घाम, ओठ पांढरे. मी थांबवलं, पाणी दिलं, त्या सावरल्या, "काई नाही" म्हणाल्या आणि गेल्या. पुढचे दोन गुरुवार आल्या नाहीत. फोन केला तर म्हणे घरी पाहुणे आहेत.

चूक माझी होती. आघातावरच्या उपचारात आठवणीकडे जावंच लागतं, पण दार त्या माणसाने उघडायचं असतं. आणि ज्या बाईला बंद जागेची भीती, तिला मी डोळे मिटायला सांगितलं. मी निरोप धाडला: तुम्ही या, तुम्हाला नको तो विषय मी काढणार नाही, आणि माझं चुकलं. तिसऱ्या गुरुवारी आल्या. येताना पिशवीत मेथीची जुडी. बसल्या आणि जुडी काढून निवडायलाच घेतली. "हात रिकामा असला की कसंतर होलालंय," म्हणाल्या.

मग तसंच ठरलं. डोळे उघडे, हातात भाजी. प्रत्येक भेटीला पिशवीत काहीतरी असायचं, गवार, पालक, एकदा तर लसूण. शेजारणींना त्या शिवणक्लासला जाते असं सांगायच्या. क्लासवरून निवडलेली भाजी घेऊन येणारी बाई म्हणून त्यांना कुणी विचारलं कसं नाही, देव जाणे.

मंडप

सातव्या भेटीला गवार होती. मी विचारलं, "लहाना कसा होता?"

शेंगेची शीर ओढता ओढता त्या थांबल्या. मग सांगत सुटल्या. सहा वर्षांचा. दात पडलेला. पायात एकाच पायाची चप्पल, कारण दुसरी ओढ्यात वाहून गेलेली, आणि तो राहिलेली काढायला तयार नसायचा. गणपतीच्या दहाही दिवशी मंडपातून हलायचा नाही. विसर्जनाच्या रात्री मंडप रिकामा झाला तरी चार-पाच पोरं तिथेच सतरंजीवर झोपली.

"मायनं मला पाठवलं. त्याला घेऊन ये म्हणाली. मी गेले. तो झोपला होता. उठंना. मी..."

गवार खाली ठेवली.

"मीच उठवून आणला मॅडम. वढत आणला. तो रडूलाला, इथंच झोपतो म्हणूलाला. मी त्याला एक चापट दिली."

मंडप कापडाचा होता. त्यातली पोरं सगळी वाचली.

कितीतरी वेळ आम्ही दोघी गप्प बसलो. हे त्यांनी बापाला सांगितलं नव्हतं, आत्याला नाही, नवऱ्याला नाही. कुणी दोष देईल म्हणून नव्हे. "सांगून कुणाला काय? सगळ्यांचीच गेली होती." आणि मग त्या स्वतःच एक धागा जोडून गेल्या जो मी पंधरा दिवस वहीत आखत होते: "आता पोरीला मीच सांगू का, तिकडं जाऊन झोप म्हणून?"

कडी, ग्लास, लातूरचा तिसरा मजला, मुलाला दिलेला मार, पार्किंग, सगळं तिथे एकत्र आलं. कोणी कुठे झोपायचं हे ठरवणं या बाईला ३१ वर्षं जमत नव्हतं. एकदा ठरवलं आणि भाऊ गेला. दुसऱ्यांदा धक्का बसला आणि पोरांना सोडून पाय पळाले. नवरा मात्र मेसच्या जेवणावर तोडगा शोधत होता.

रात्री दहाला काय माहीत होतं

"तुमची चूक नव्हती, ताई" असं मी एकदाही म्हटलं नाही. ते वाक्य खरं असलं तरी फुकट असतं. माणूस "हो" म्हणतो आणि तसाच घरी जातो. त्याऐवजी आम्ही घड्याळ मांडलं. रात्री दहाला त्या ११ वर्षांच्या मुलीला काय माहीत होतं? भाऊ उघड्यावर झोपलाय. ओढा जवळ, विंचूकाटा आहे. आईने बोलावलंय. घर म्हणजे सुरक्षित, मंडप म्हणजे उघडा. आणि ३ वाजून ५६ मिनिटांनंतर काय माहीत झालं? घर पडलं, मंडप राहिला. ही दुसरी माहिती पहिल्या वेळी तिच्याकडे होती का?

पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नव्हती, पण." तो "पण" आम्ही चार भेटी धरून बसलो होतो. सगळं कळून झाल्यावर मागे वळून बघताना माणसाला वाटतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं. झालेल्या गोष्टीचं ज्ञान तो न झालेल्या वेळेत नेऊन ठेवतो. मी विचारलं, तुमचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. समजा त्याने बहिणीला उघड्यावरून उठवून घरात आणलं. तुम्ही काय म्हणाल? त्या लगेच म्हणाल्या, "शहाणा म्हणन की त्याला." आणि तोंडातून निघालेलं ऐकून स्वतःच थबकल्या.

त्या दिवशी त्यांनी भावाला त्याच्या नावाने हाक मारली. माझ्या खोलीत, एकदाच, हळू. ते नाव इथे लिहीत नाही.

मी जुन्या गावठाणावर जाऊन येण्याचं सुचवून पाहिलं. आमच्या पुस्तकांत अशा भेटींना मोठं महत्त्व असतं. त्यांनी उडवून लावलं: "तिथं काय आहे? बाभळी." मी तो विषय सोडला. पार्किंगचं काम त्यामानाने झटपट झालं. भीतीत शरीर आधी पळतं, विचार मागून येतो. ती आई म्हणून घेतलेली परीक्षा नव्हे. यावर त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले आणि मान हलवली. मी ज्याला अवघड समजले होते ते सोपं गेलं, आणि चापट सोपी जाईल वाटलं ती शेवटपर्यंत दुखत राहिली.

कडी

फेब्रुवारीपासून शरीराचं काम. दुपारी कडी लावून आत बसायचं, भीती वाढली तरी उठायचं नाही, ती उतरते का ते बघायचं. उतरते. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली, आठवड्याने सहा. मग अर्धा तास, मग रात्री, आधी नवरा जागा असताना. ग्लास मात्र त्या काढायला तयार नव्हत्या. मी हट्ट केला नाही. एप्रिलमध्ये एक दिवस सांगितलं की पाहुण्यांना पाणी द्यायला वरचा ग्लास घेतला आणि परत ठेवायचा राहून गेला.

नवऱ्याला सांगायचं त्यांनी स्वतः ठरवलं, माझ्याच खोलीत, मी असताना. त्यांना वाटत होतं, तो म्हणेल, एवढ्यासाठी? त्याने ऐकून घेतलं आणि बराच वेळ स्वतःच्या चपलेकडे बघत बसला. मग म्हणाला, "मला वाटायचं हे विचारायचं नसतं." लग्नाला अठरा वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी त्याला बाहेर चहा प्यायला पाठवलं तेव्हा मीही त्याला थोडं कमीच लेखलं होतं, हे कबूल करायला हवं.

मे महिन्यात ताई आणि मुलगी एसटीने लातूरला जाऊन आल्या, बायकांना असलेल्या अर्ध्या तिकिटात. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ताई तासभर बसल्या. जिने मोजले, दोन. खिडकीला गज आहेत हे बघितलं आणि ते त्यांना आवडलं नाही. त्या हॉस्टेलच्या बाईंशी बोलून दुसऱ्या मजल्यावरची खोली ठरवून आल्या. मी मनात म्हटलं, हे टाळणंच झालं. मग वाटलं, ज्या भागात जमीन खरोखर हलते तिथे आईने जिने मोजले तर त्याला आजार कशाला म्हणायचं? आमच्या कामात ही रेघ नेहमी स्पष्ट नसते. मी ती तिथे ओढली नाही.

पुढे

जूनमध्ये पीसीएल-५ विशीत आलं होतं. झोप साडेपाचपर्यंत. एकूण १९ भेटी झाल्या, मधल्या दोन बुडालेल्या सोडून. सर्ट्रालिन अजून चालू आहे. कमी कधी करायचं ते डॉक्टर ठरवतील. सगळ्यांचंच इतक्या भेटींत होतं असं नाही, आणि प्रत्येकाला नांदेडसारख्या शहरात येणं जमतही नाही. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. आमच्या भागातला माणूस आधी देवऋषी, मग फिजिशियन, मग वर्षभराने इकडे असा फिरत येतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा फोन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. निदान पहिलं बोलणं तरी तिथे होऊ शकतं. हे मी ताईंच्या नवऱ्यालाही सांगितलं, आणि आता दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो नंबर तो लिहून देतो म्हणे. काय म्हणून देतो, कुणास ठाऊक.

मुलगी लातूरला गेली. पहिल्या आठवड्यात तिने फोनवर सांगितलं की आईसाठी म्हणून तिने दाराजवळची कॉट घेतलीय, पण तिथे रात्रभर जिन्याचा लाईट डोळ्यांवर येतो. ताई तिला म्हणाल्या, मग बदल की, जिथं झोप लागंल तिथं झोप. मला हे त्यांनी सहज जाता जाता सांगितलं, दारात चप्पल घालताना. त्या खाली उतरल्या तरी मी उभीच होते.

पुढची भेट ऑक्टोबरमध्ये होती, ३० सप्टेंबर उलटल्यावर. ती तारीख अवघड जाईल हे आम्ही आधीच बोललो होतो. मी विचारलं, कडी?

"काढून ठेवली त्या राती."

"भीती वाटली?"

"नाही." त्यांनी पिशवीतून शेपूची जुडी काढली आणि कागद पसरला. "त्या रातीला उघडं असू द्यावं वाटलं."

मी तेवढं वहीत लिहिलं, आणि आम्ही शेपू निवडायला घेतला.